कोड, कोढ आणि बरस

सदर : दोन भाषा, एक घर

या महिन्यात मुलांच्या निबंधांतल्या गमतीजमतींवर लिहायचं ठरवलं होतं. तो विषय पुढे ढकलते. गेल्या काही महिन्यांत माझ्या हातून एक चूक झाली. ज्या शब्दापायी ती झाली, तो शब्द आपल्या पुष्कळ घरांत असाच गोंधळून वापरला जातो. म्हणून आधी चूक सांगते, मग शब्दांकडे येते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. वजन, उंची, डोळे, दात बघून झाले. आठवीतल्या एका मुलीच्या घोट्यावर आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरा डाग होता. तिच्या कार्डावर डॉक्टरांनी मराठीत लिहिलं, ‘कोड? त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे.’ कार्ड घरी गेलं. घरात मराठी नीट वाचणारं कुणी नव्हतं. तिच्या अम्मीने कार्डाचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि विचारलं, “मॅडम, ये कोड मतलब कोढ ना?” दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, जिना चढता चढता मी लिहून टाकलं, “हां, डॉक्टर को दिखाओ.”

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत आली नाही. मला वाटलं, ताप-सर्दी असेल. तिसऱ्या आठवड्यात तिच्या बाकावरची मैत्रीण खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, उसको कोढ हो गया. उसकी अम्मी हमको मिलने नहीं देती.”

ते ऐकलं आणि माझा तो एका ओळीचा निरोप डोळ्यांपुढे आला. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. उर्दू-हिंदीत ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. हे दोन अगदी वेगळे आजार. वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मी त्या एका निरोपात एका आजाराचा दुसरा आजार करून टाकला होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मुलगी आतल्या खोलीत शिलाई मशीनच्या बाजूला वेगळ्या गादीवर बसली होती. तिचं ताट वेगळं, ग्लास वेगळा, टॉवेल वेगळा. अम्मीचे डोळे सुजलेले. तिच्या थोरल्या बहिणीसाठी शेजारच्या तालुक्यातून रिश्ता आला होता, बोलणी जवळजवळ ठरली होती. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की घरात कोढ आहे. त्यांनी यायचं रद्द केलं. मी म्हणाले, “चूक माझी आहे. कोड म्हणजे कोढ नव्हे.” दादी माझ्याकडे बघत म्हणाली, “बेटी, डॉक्टर ने लिखा, तुमने भी हां बोला. अब क्या बदल गया?” मला उत्तर सुचलं नाही. मी एवढंच म्हणाले, “उद्या माझ्यासोबत दवाखान्यात चला.”

दवाखान्यात काय पाहिलं

सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागातल्या डॉक्टर बाईंनी मुलीला डोळे मिटायला सांगितलं. कापसाची बारीक वात करून त्यांनी तिच्या पायाला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श केला. कधी डागावर, कधी डागाबाहेर. “कुठे लागलं ते बोटाने दाखव.” मुलीने प्रत्येक वेळी अचूक दाखवलं. मग त्यांनी तिच्या कोपराजवळच्या आणि गुडघ्याच्या बाजूच्या नसा चाचपून पाहिल्या. शेवटी खोलीत अंधार करून एका खास दिव्याचा प्रकाश डागावर टाकला. डाग खडूसारखा निळसर पांढरा उजळला.

“हे कोड आहे. इंग्रजीत व्हिटिलिगो म्हणतात,” त्या म्हणाल्या. “स्पर्श कळतो, नसा जाड नाहीत. हा कुष्ठरोग नाही. हा कुणाकडून कुणाला लागत नाही. एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा.”

कापसाची ती वात दोन आजारांमधला फरक दाखवून गेली. तो नीट समजून घेऊ या. आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा बिथरून या पेशींवरच उलटते तेव्हा तिथला रंग जातो. डाग दुधासारखा पांढरा होतो, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. मात्र त्वचा जिवंत असते. घाम येतो, गरम-गार कळतं, टोचलं तर दुखतं. जगभरात साधारण शंभरातल्या एखाद्या माणसाला हे होतं. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड होतं, ही आपल्या घरांतली पक्की समजूत आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. कुणाच्या बददुआने होतं, हेही खरं नाही.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हान्सेन या डॉक्टरने १८७३ साली तो जंतू दाखवून दिला. म्हणून पुष्कळ डॉक्टर आता या आजाराला ‘हान्सेनचा आजार’ म्हणतात, जुन्या नावाचा डंख कमी व्हावा म्हणून. यात डाग बहुधा फिकट किंवा लालसर असतो, खडूसारखा पांढरा नसतो आणि तिथे बधिरपणा येतो. जंतू नसांवर हल्ला करतो. हातापायांना लागलेलं, भाजलेलं कळत नाही, जखमा वाढतात आणि त्यातून बोटं वाकडी होतात. पण हाही आज पूर्ण बरा होणारा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेली बहुऔषध पद्धत सहा महिने किंवा बारा महिने घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. उपचार सुरू झाल्यावर रोगी फार लवकर संसर्ग पसरवेनासा होतो. तसंही बहुतेक माणसांना या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. म्हणजे त्या मुलीला खरोखर कुष्ठरोग असता, तरी ताट वेगळं करण्याची गरज नव्हती. हे मलाही त्या दिवशीच कळलं.

शब्द कुठे चुकला

मराठीतला कोड आणि उर्दू-हिंदीतला कोढ हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचं मूळ संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दात. आयुर्वेदात कुष्ठ हे कातडीच्या अनेक आजारांचं मोठं नाव होतं. चरकसंहितेत त्याचे अठरा प्रकार मोजले आहेत. पांढऱ्या डागांना तिथे ‘श्वित्र’ असं स्वतंत्र नाव आहे. पुढे लोकांच्या बोलीत हा शब्द झिजत गेला. उत्तरेत त्याने कुष्ठरोगाचं नाव घेतलं आणि मराठीत पांढऱ्या डागांचं. मराठीत कुष्ठरोगाला मग महारोग, रक्तपिती हे वेगळे शब्द आले. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या संस्थेचं नावच महारोगी सेवा समिती आहे.

आपली मुश्किल अशी की आपल्या घरांत दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात. डॉक्टर मराठीत कोड म्हणतात, अम्मी ते दखनी कानाने ऐकते, दादी ते उर्दूत समजते. ‘ड’चा ‘ढ’ व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या एका अक्षराने मुलगी आतल्या खोलीत जाते.

दवाखान्यातून परत आल्यावरही दादीला पटत नव्हतं. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा तिला ऐकलेल्या गोष्टींवर जास्त भरवसा. मग मला तिची रोजची दुआ आठवली. वाईट आजारांपासून अल्लाहची पनाह मागण्याची ती मसनून दुआ आपल्यापैकी पुष्कळजणींना पाठ आहे. कोरोनाच्या दिवसांत तर ती घराघरात पढली जात होती. मी म्हणाले, “दादी, त्या दुआत सुरुवातीला कोणत्या आजाराचं नाव येतं?” ती मनात पुटपुटत म्हणाली, “बरस.” “मग पुढे?” “जुनून... फिर जुजाम.” मी विचारलं, “बरस आणि जुजाम एकच असतं, तर दोन नावं वेगवेगळी का घेतली असती?”

दादी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने नातीला जवळ ओढलं. कापसाच्या वातीने जे झालं नव्हतं ते त्या दुआने झालं.

अरबीत हा फरक पहिल्यापासून स्वच्छ आहे. बरस म्हणजे पांढरे डाग, ज्याला ते आहेत तो अबरस. जुजाम म्हणजे कुष्ठरोग, ज्याला तो आहे तो मजजूम. कुरआनात हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या मोजिज्यांमध्ये, सूरह आले-इमरान आणि सूरह माइदामध्ये, जन्मांधाबरोबर उल्लेख आहे तो अबरसचा. काही उर्दू तर्जुम्यांत तिथे ‘कोढी’ असा शब्द आला आहे. तर्जुमा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्या वाचकांना जो शब्द जवळचा वाटला तो त्यांनी घेतला. पण तेच वाचत मोठ्या झालेल्या आपल्या मनात बरस आणि कोढ एक होऊन बसले. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा हात चमकदार पांढरा होऊन बाहेर येण्याचा प्रसंग आठवा. तिथे हेही सांगितलं आहे की तो कोणत्याही व्याधीशिवाय पांढरा होता. मुफस्सिरीन सांगतात की ही व्याधी म्हणजे बरस.

हकीम, सूर्य आणि बावची

आपल्या युनानी हकिमांनीही हे शब्द जपून वापरले. त्यांच्या किताबांत बरस वेगळा, जुजाम वेगळा आणि कातडीच्या वरवरच्या डागांना ‘बहक’ असं तिसरं नाव. अंदलुसमध्ये जन्मलेल्या इब्न अल-बैतार यांनी तेराव्या शतकात औषधी वनस्पतींवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात पांढऱ्या डागांसाठी ‘आत्रीलाल’ या वनस्पतीचं बी देऊन रोग्याला उन्हात बसवण्याचा उपाय नोंदवला आहे. १९४० च्या दशकात इजिप्तचे डॉक्टर अल-मुफ्ती यांनी त्याच वनस्पतीतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याने पांढऱ्या डागांवर उपचार केले. सोरालेन आणि अतिनील किरण यांच्या जोडीने होणारा आधुनिक उपचार तिथून पुढे वाढला. आपल्याकडच्या बावचीच्या बियांतही सोरालेन असतं.

पण म्हणून बावचीचं तेल लावून मुलीला उन्हात बसवू नका. सोरालेन लावलेली कातडी ऊन सहन करत नाही, मोठे फोड येतात. मात्रा आणि वेळ जाणकारानेच ठरवायची. युनानीवर भरवसा असेल त्यांच्यासाठी हैदराबादला युनानी पद्धतीने त्वचारोगांवर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे.

आज डॉक्टर साधारण काय करतात तेही सांगते, म्हणजे चिठ्ठीवरचे शब्द परके वाटणार नाहीत. डाग थोडे असतील तर लावायचं मलम. ते ठराविक मुदतीचं स्टिरॉइड असतं किंवा टॅक्रोलिमस. डाग पसरलेले असतील तर ‘फोटोथेरपी’, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा शेक, आठवड्यातून दोन-तीनदा आणि पुष्कळ महिने. डाग वाढायचे थांबून बराच काळ लोटला असेल तर ‘ग्राफ्टिंग’, म्हणजे अंगाच्या दुसऱ्या भागातली रंगपेशी असलेली त्वचा तिथे बसवणं. चेहऱ्यावरचे डाग त्यातल्या त्यात चांगला प्रतिसाद देतात, बोटांच्या टोकांचे आणि ओठांचे हट्टी असतात. थायरॉइडची रक्त तपासणीही बहुधा करून घेतात, कारण हे दोन आजार कधीकधी हातात हात घालून येतात. महिनाभरात डाग नाहीसे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीपासून मात्र दूर राहावं.

घरातले आणखी काही शब्द

घरी आल्यावर मी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे आपण बोलतो ते शब्द, दुसरीकडे डॉक्टर लिहितात ते. त्यातले काही इथे देते, कारण यांच्यातही गोंधळ आहे.

*खाज, खरूज, खारिश.* मराठीत खाज म्हणजे फक्त खाजणं. खरूज हा आजार. उर्दूत दोन्हींना खारिश म्हणून भागवतात. त्यामुळे “खारिश है” म्हटलं की मेडिकलवाला नुसती खाजेची गोळी देतो. खरूज, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्केबीज, कातडीत बीळ करणाऱ्या अगदी सूक्ष्म किड्यामुळे होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ येतं आणि रात्री खाज वाढते. तिचं औषध, बहुधा परमेथ्रिनचं मलम, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं असतं आणि खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. वसतिगृहात किंवा मदरशात एकट्या मुलाला औषध लावून उपयोग नाही. आठवड्यात खरूज पुन्हा येते.

*गजकर्ण, नायटा, दाद.* गोल कडा असलेला, मध्ये निवळलेला चट्टा. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणतात, चिठ्ठीवर ‘टिनिया’ असतं आणि लॅटिनमध्ये टिनिया म्हणजे जंत. पण यात जंत नाही, किडाही नाही. ही बुरशी आहे, ओलसर घट्ट कपड्यांत वाढणारी.

*शिबं, छीप.* छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, वर बारीक कोंडा. हीसुद्धा एक प्रकारची बुरशीच, साध्या औषधाने जाणारी. हिला कोड समजून घाबरणारे पुष्कळ आहेत. लहान मुलांच्या गालावर कोरडे फिकट चट्टे येतात, त्यांना आपण पोटातले जंत किंवा कॅल्शियमची कमी म्हणतो. बहुतेक वेळा ती कोरडी त्वचा असते आणि साध्या तेलकट मलमाने कालांतराने निवळते.

*इसब, चंबल.* इसब म्हणजे एक्झिमा. सोरायसिसमध्ये जाड, चांदीसारखे पांढरे पापुद्रे सुटतात. उर्दूत चंबल हा शब्द कोणी एक्झिमासाठी, कोणी सोरायसिससाठी वापरतं. त्यामुळे एकाच्या चंबलचं औषध दुसऱ्याला चालत नाही. दोन्ही आजार स्पर्शाने लागत नाहीत.

*नागीण.* डॉक्टर हिला हर्पिस झोस्टर म्हणतात. गंमत अशी की हर्पिस या ग्रीक शब्दाच्या मुळाशीही सरपटण्याचा अर्थ आहे आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. दोन्हीकडच्या लोकांना अंगावर काहीतरी सरपटत जाताना दिसलं. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी लपून बसतो आणि पुढे एका नसेच्या पट्ट्यावर उठतो. नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटून माणूस मरतो ही भीती खोटी आहे. खरी घाई वेगळीच आहे. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा फायदा जास्त. पुरळ डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

*पित्त.* आपण “पित्त उठलंय” म्हणतो तेव्हा अंगावर लाल गांधी उठलेल्या असतात, पण ऐकणारा आंबट ढेकरांची गोळी देऊ शकतो. म्हणून “अंगावर गांधी उठल्यात” असं स्पष्ट सांगावं. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर आमसूल चोळत बसू नये, थेट दवाखान्यात जावं.

ट्यूबवरचं नाव वाचा

आता सगळ्यात कामाचं. आपल्याकडे कोणत्याही चट्ट्यावर मेडिकलमधून एक ट्यूब आणायची पद्धत आहे. बुरशी, जंतू, खाज सगळ्यांवर चालते अशी. तिने दोन दिवसांत आराम पडतो, कारण तिच्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. गजकर्णाचा चट्टा हातभर होतो आणि त्याचं गोल रूपही पुसलं जातं. मग डॉक्टरांनाही ओळखणं कठीण जातं. मांडीत, काखेत कातडी पातळ होऊन कायमच्या रेषा पडतात. निकाहच्या आधी गोरं दिसण्यासाठी म्हणून विकत आणलेल्या काही क्रीममध्येही हेच औषध असतं. चेहरा आधी उजळतो, मग लाल होतो, केस उगवतात, मुरुमं येतात आणि क्रीम सोडली की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याचा नियम लावला. तरी दुकानात कुणी विचारत नाही, आणि मागणारे आपणच असतो.

ट्यूबवर ब्रँडचं नाव मोठं असतं, औषधाचं बारीक. ते बारीक वाचायला शिका. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडं. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही बुरशीवरची औषधं. टर्बिनाफिनही बुरशीवरचं. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल कानाला सारखे वाटतात, पण एकाच्या शेवटी ‘सोल’ आहे, दुसऱ्याच्या शेवटी ‘झोल’. आपण वर्गात मुलांना स आणि झ गिरवायला लावतो, तसं हे एकदा गिरवून ठेवावं. स्टिरॉइड वाईट औषध नाही. त्या मुलीच्या डागालाही डॉक्टरांनी तेच दिलं, पण किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि कधी थांबायचं हे लिहून दिलं.

दवाखान्यात गेल्यावर चार गोष्टी विचाराव्यात, असं मी आता शाळेतल्या पालकांना सांगते. या आजाराचं नाव काय? ते कागदावर लिहून द्याल का? हा एकाचा दुसऱ्याला लागतो का? हे मलम कुठे आणि किती दिवस लावायचं? नाव लिहून घेण्यात संकोच नको. तोंडी ऐकलेलं नाव घरी पोहोचेपर्यंत बदलतं. ते कसं बदलतं हे मी पाहिलं आहे.

कायद्याने बदललं, आपण?

एक गोष्ट आपल्या घरांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेदाच्या कायद्यात, पतीला कुष्ठरोग असेल तर पत्नीला कोर्टातून निकाह फस्ख करून घेता येईल, असं कलम होतं. हिंदू विवाह कायद्यात आणि इतर काही कायद्यांतही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. २०१९ साली संसदेने पाच कायद्यांतून ते कारण काढून टाकलं, कारण आजार आता बरा होतो. कुष्ठरोगासारख्या आजाराबद्दल कायदा इतका पुढे आला आहे. मग जो लागतही नाही त्या पांढऱ्या डागाच्या नावाने आपण रिश्ते मोडतो, हे कोणत्या हिशेबात बसतं? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा मराठी चित्रपट याच विषयावर आहे. सगळ्यांनी मिळून बघावा असा आहे.

रिश्त्याच्या वेळी डाग लपवावेत, असंही मी म्हणत नाही. लपवलेलं उघडं पडलं तर त्रास मुलीलाच होतो. सांगावं, पण बरोबर नावाने सांगावं. “कोड आहे, लागत नाही, उपचार चालू आहेत” हे एक वाक्य, आणि सोबत डॉक्टरांचा कागद. मुलाकडच्यांनीही तो कागद वाचावा. नाहीतर विचारावं.

ती मुलगी शाळेत यायला लागली आहे. पहिल्या दिवशी मी तिच्या वर्गाला मराठीच्या तासाला फळ्यावर तीन शब्द लिहून दिले. कोड, कोढ, बरस. अर्थ समजावला आणि वर्गासमोर सांगितलं की मॅडमकडून चूक झाली होती. मुलांनी तो तास फार लक्ष देऊन ऐकला. आता ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी किरणांच्या शेकासाठी दवाखान्यात जाते. त्या दिवशीची तिची हजेरी उशिरा लागते. ओठाच्या कोपऱ्यातल्या डागात मध्यभागी दोन-तीन बारीक तपकिरी ठिपके आले आहेत. डॉक्टर म्हणतात, रंग असाच ठिपक्या-ठिपक्यांनी परत येतो. अल्हमदुलिल्लाह.

थोरल्या बहिणीचा रिश्ता मात्र मोडला तो मोडलाच. मी स्वतः त्या घरी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शुक्रिया म्हटलं, पण पुन्हा आले नाहीत. तिच्या अम्मीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते मला जास्त लागतं.

बहिणींनो आणि भावांनो, त्वचेच्या आजारांना आपल्या भागात, आपल्या घरात काय काय म्हणतात, ते मला मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. कोकणातले शब्द वेगळे असतील, मराठवाड्यातले वेगळे, सोलापूरकडचे आणखी वेगळे. डॉक्टरांना दाखवून, प्रत्येकासमोर नेमकं नाव लिहून, ती यादी इन्शाअल्लाह याच सदरात देईन. या वेळी घाईत उत्तर देणार नाही.